प्रॉसडी चॅट सर्व्हरची सेटिंग फाइल: कोणती ओळ कोठे लिहावी

संस्थेतील रोजचे संभाषण बाहेरच्या कंपनीच्या हाती न देता स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचे असेल, तर प्रॉसडी हा चॅट सर्व्हर लहान आणि मध्यम संस्थांसाठी उत्तम पर्याय आहे. १९९९ साली जॅबर या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे एक्सएमपीपी म्हणून प्रमाणित झालेल्या खुल्या प्रोटोकॉलवर तो चालतो, त्यामुळे मोबाइलवर कॉन्व्हर्सेशन्स, संगणकावर गाजिम किंवा डीनो असे कोणतेही अ‍ॅप त्याला जोडता येते. त्याचा जवळजवळ सगळा कारभार एकाच सेटिंग फाइलमधून चालतो, आणि ती फाइल नीट वाचता आली की बाकीचे काम सोपे आहे.

डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज इन्स्टॉल केल्यावर ही फाइल ईटीसी या डिरेक्टरीतील प्रॉसडी नावाच्या फोल्डरमध्ये मिळते. तिचे नाव प्रॉसडी डॉट सीएफजी डॉट लुआ. या लेखात सेटिंगची नावे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन लिहावयाची आहेत. अपवाद दोनच महत्त्वाचे: व्हर्च्युअलहोस्ट (सदस्यांच्या पत्त्यांचे डोमेन सांगणारा शब्द) यातील व्ही आणि एच, तसेच कंपोनंट (खोल्यांसारखी जोडसेवा सुरू करणारा शब्द) यातील सी, ही अक्षरे मोठी असतात. काहीही बदलण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत तारीख घालून बाजूला ठेवावी. डेटाबेसचा पासवर्ड याच फाइलमध्ये येऊ शकतो, म्हणून ती फक्त रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) आणि प्रॉसडी या गटालाच वाचता येईल अशी परवानगी असावी.

फाइल लुआ भाषेत असली तरी त्यासाठी प्रोग्रॅमिंग शिकण्याची गरज नाही. डावीकडे सेटिंगचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे किंमत, एवढाच नियम आहे. मजकूर दुहेरी अवतरणात, हो किंवा नाही या अर्थाचे ट्रू आणि फॉल्स अवतरणाशिवाय, आणि याद्या महिरपी कंसात, प्रत्येक घटकानंतर स्वल्पविराम किंवा अर्धविराम देऊन लिहितात. दोन डॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप. सर्व्हर ती वाचत नाही. वेबपानावरून ओळी चिकटवताना सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणे येतात आणि फाइल उघडतच नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे. यादीतील एखादा स्वल्पविराम राहिला, तर चूक सांगणाऱ्या संदेशात सहसा पुढच्या ओळीचा क्रमांक येतो, कारण वाचन तेथे अडकलेले असते; खरी चूक एक ओळ वर शोधावी.

आता मुख्य मुद्दा. या फाइलमध्ये ओळ काय सांगते याइतकेच ती कोठे उभी आहे हेही महत्त्वाचे असते. सुरुवातीपासून पहिल्या व्हर्च्युअलहोस्टपर्यंतचा सगळा भाग सामाईक आहे. तेथील सेटिंग सर्व डोमेनना लागू होते. व्हर्च्युअलहोस्ट किंवा कंपोनंट अशी ओळ आली की त्यापुढची प्रत्येक सेटिंग केवळ त्या विभागाची होते, आणि पुढचा विभाग सुरू होईपर्यंत हेच चालू राहते. विभाग बंद करणारे चिन्ह नाही, आणि ओळ आत सरकवून लिहिली किंवा मध्ये मोकळी जागा सोडली तरी काही फरक पडत नाही. समजा, फाइलच्या तळाशी गटसंभाषणाच्या खोल्यांचा कंपोनंट आहे, आणि जुने संदेश चार आठवडे राहावेत म्हणून कोणी शेवटी ‘आर्काइव्ह एक्स्पायर्स आफ्टर’ची ओळ जोडली. सर्व्हर तक्रार करणार नाही, पण व्यक्तिगत संदेश पूर्वीप्रमाणे एका आठवड्यानेच पुसले जातील. कारण ती ओळ खोल्यांच्या विभागात पडली, आणि खोल्यांचा इतिहास तर ‘एमयूसी लॉग एक्स्पायर्स आफ्टर’ (एमयूसी म्हणजे गटसंभाषणाच्या खोल्या) या वेगळ्याच सेटिंगवर चालतो. त्यामुळे नवी ओळ कधीही डोळे झाकून तळाशी लिहू नये.

मॉड्यूलच्या, म्हणजे सर्व्हरला एकेक सोय देणाऱ्या भागांच्या, यादीबाबतही असेच भान ठेवावे लागते. सामाईक भागात ‘मॉड्यूल्स एनेबल्ड’ ही यादी एकदाच असावी. ती दुसऱ्यांदा लिहिली तर आधीची यादी पुसली जाते. व्हर्च्युअलहोस्टच्या खाली मात्र याच नावाची छोटी यादी दिल्यास ती सामाईक यादीत मिळवली जाते. कंपोनंटचा नियम याहून निराळा आहे: सामाईक यादीतील बहुतेक मॉड्यूल त्याच्याकडे जातच नाहीत, म्हणून खोल्यांचा इतिहास ठेवणारे ‘एमयूसी एमएएम’ हे मॉड्यूल खोल्यांच्या कंपोनंटखालीच लिहावे लागते. मोबाइलवरून वापर होणार असेल तर कार्बन्स, एमएएम, स्मॅक्स आणि सीएसआय सिंपल ही चार मॉड्यूल सामाईक यादीत चालू आहेत याची खात्री करावी. पहिल्यामुळे एकाच व्यक्तीच्या सर्व उपकरणांवर संदेश दिसतात, दुसऱ्यामुळे इतिहास मिळतो, तिसऱ्यामुळे रेंज गेली तरी संदेश हरवत नाहीत, आणि चौथ्यामुळे बॅटरी वाचते.

व्हर्च्युअलहोस्टपुढे कोणते नाव लिहावे, हा निर्णय सर्वांत आधी आणि विचारपूर्वक घ्यावा, कारण सदस्यांचे पत्ते त्यावरून बनतात आणि नंतर ते बदलणे अवघड जाते. उदाहरणादाखल ‘ग्रंथालय डॉट एक्झाम्पल’ हे डोमेन घेऊ. सर्व्हर प्रत्यक्षात ‘चॅट डॉट ग्रंथालय डॉट एक्झाम्पल’ नावाच्या यंत्रावर असला, तरी पत्ते छोटेच हवे असतील तर व्हर्च्युअलहोस्टपुढे ग्रंथालय डॉट एक्झाम्पल हेच लिहावे आणि डीएनएसमधील (डोमेनचे नाव कोणत्या यंत्राकडे जाते ते सांगणाऱ्या यंत्रणेतील) एसआरव्ही नोंदींतून यंत्राचे नाव सांगावे. अ‍ॅप ५२२२ या पोर्टवर जोडले जातात आणि इतर सर्व्हर ५२६९ वर, म्हणून ही दोन पोर्ट फायरवॉलमध्ये उघडी असावीत. टीएलएस प्रमाणपत्र (कूटबद्ध जोडणीत सर्व्हरची ओळख पटवणारे) मात्र पत्त्यातील डोमेनच्या नावाचे लागते, केवळ यंत्राच्या नावाचे प्रमाणपत्र चालत नाही, आणि नव्या सर्व्हरला अ‍ॅप जोडले जात नसेल तर पहिली शंका याचीच घ्यावी.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे असेल तर आणखी एक अडचण येते. त्याची खाजगी किल्ली फक्त रूट वाचू शकतो, आणि प्रॉसडी तर प्रॉसडी नावाच्या साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालतो. परवानग्या सैल करून हा प्रश्न सोडवू नये. प्रॉसडीसीटीएल या कमांडमध्ये ‘सर्ट इम्पोर्ट’ ही सोय आहे. ती प्रमाणपत्रे योग्य ठिकाणी, योग्य परवानगीने आणून ठेवते. नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ती घालावी, नाहीतर जुने प्रमाणपत्र मुदत संपल्यावर सर्वांना अडवील.

सुरक्षेच्या बाबतीत माझे मत कडक आहे. ‘अलाउ रजिस्ट्रेशन’ फॉल्सच असावे. नोंदणी सर्वांना खुली ठेवलेला सर्व्हर स्पॅम पाठवणाऱ्यांना फार लवकर सापडतो, आणि मग इतर सर्व्हर त्याला दारातच अडवू लागतात. खाती प्रॉसडीसीटीएलच्या ‘अ‍ॅडयूजर’ने स्वतः तयार करावीत. ‘ऑथेंटिकेशन’पुढे ‘इंटर्नल हॅश्ड’ लिहावे, म्हणजे पासवर्ड जसेच्या तसे साठवले जात नाहीत. ‘सीटूएस रिक्वायर एन्क्रिप्शन’ (अ‍ॅप ते सर्व्हर) आणि ‘एसटूएस रिक्वायर एन्क्रिप्शन’ (सर्व्हर ते सर्व्हर) ही दोन्ही ट्रू ठेवावीत. संभाषण संस्थेच्या आतच राहणार असेल, तर ‘मॉड्यूल्स डिसेबल्ड’ या यादीत ‘एसटूएस’ घालून बाहेरच्या सर्व्हरांशी संपर्कच बंद करावा. ‘अ‍ॅडमिन्स’ या यादीत पूर्ण पत्ता लिहावा, आणि तेथे नाव लिहिल्याने खाते तयार होत नाही हे लक्षात असू द्यावे.

खोल्यांसाठी कंपोनंट या शब्दापुढे खोल्यांच्या उपडोमेनचे नाव आणि त्यानंतर ‘एमयूसी’, दोन्ही स्वतंत्र अवतरणांत आणि मध्ये स्वल्पविराम न देता लिहावे. त्याखाली ‘रिस्ट्रिक्ट रूम क्रिएशन’ला ‘लोकल’ ही किंमत दिली की नव्या खोल्या फक्त आपलेच सदस्य उघडू शकतात. फोटो आणि कागदपत्रे पाठवण्यासाठी ‘एचटीटीपी फाइल शेअर’ या प्रकारचा दुसरा कंपोनंट लागतो. त्यात एका फाइलची मूळ मर्यादा १० एमबी आणि साठवणुकीची मुदत एक आठवडा असते. स्कॅन केलेल्या मोठ्या पीडीएफ फिरणार असतील तर मर्यादा वाढवावी, पण डिस्कचा अंदाज घेऊनच. या कंपोनंटच्या नावालाही डीएनएस नोंद आणि प्रमाणपत्र हवे, आणि ५२८१ हे पोर्ट बाहेरून उघडे हवे.

फाइल जतन केल्यावर लगेच सर्व्हर रीस्टार्ट करू नये. आधी ‘प्रॉसडीसीटीएल चेक’ चालवावे. ते सेटिंग, डीएनएस आणि प्रमाणपत्रे तपासते. चुकीच्या विभागात गेलेल्या काही ओळीही ते दाखवते, पण वर सांगितलेल्या आर्काइव्हच्या ओळीसारखी, विभागात लिहिणे नियमाने चालणारी सेटिंग त्याला चूक वाटत नाही. साध्या किमती बदलल्या असतील तर रिलोड करून पाहावे. नवे मॉड्यूल, नवा होस्ट किंवा वेगळे पोर्ट असेल तर रीस्टार्ट लागतो, आणि त्यात सर्वांची जोडणी क्षणभर तुटते, म्हणून ते काम कार्यालय सुटल्यावर करावे. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलाच्या वर दोन डॅश देऊन तारीख व कारण लिहावे.

काही बिघडले तर ‘लॉग’ या सेटिंगमध्ये इन्फोच्या जागी डीबग ही पातळी तात्पुरती ठेवून एकदा लॉगइन करून पाहावे. प्रमाणपत्राची किंवा पासवर्डची अडचण लॉगच्या शेवटच्या काही ओळींत बहुधा स्पष्ट दिसते. कारण सापडल्यावर पातळी पुन्हा इन्फोवर आणावी, कारण डीबगचा लॉग फार वेगाने फुगतो. सगळे सुरळीत झाल्यावर सेटिंग फाइलच्या प्रतीसोबत व्हीएआर, लिब, प्रॉसडी या मार्गावरील डेटा फोल्डरचाही बॅकअप नियमित घ्यावा. खाती, संपर्कयाद्या आणि संदेश तेथे असतात, आणि नुसत्या सेटिंग फाइलवरून ते परत मिळत नाहीत.