ऑप्टिकल वायरलेसमध्ये पीएचडीला बाहेर येणाऱ्यांसाठी, माझ्या अनुभवातून

ॲडमिशनच्या तयारीतले बरेच जण मला विचारतात की ऑप्टिकल वायरलेसला, म्हणजे तारेशिवाय प्रकाशाने डेटा पाठवण्याच्या विषयाला, स्कोप आहे का. स्कोप आहेच, पण आधी नक्की कुठलं ऑप्टिकल वायरलेस ते ठरवा, कारण या एका नावाखाली खूप वेगवेगळी कामं चालतात. खोलीतल्या एलईडी दिव्यातून डेटा पाठवायचा ते लायफाय, हे नाव हॅराल्ड हास यांनी २०११ मध्ये लोकांपुढे आणलं आणि २०२३ मध्ये त्याचं ८०२.११बीबी स्टँडर्डही आलं. दोन इमारतींमध्ये किंवा थेट सॅटेलाइटपर्यंत लेझर लावायचा ते फ्री स्पेस ऑप्टिक्स, नासाने २०१३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून ६२२ एमबीपीएसने डेटा खाली आणला तो यातलाच प्रकार. पाण्याखालचं परत निराळं, तिथे निळा-हिरवा प्रकाशच काय तो जरा लांब जातो. तिन्हीकडे गणित वेगळं, सामान वेगळं, पुढच्या नोकऱ्याही वेगळ्या.

गाइड निवडताना त्यांचे अलीकडचे पेपर उघडा आणि आकृत्या बघा. सगळे ग्राफ सिम्युलेशनचे आहेत की कुठे खरा सेटअप लावून मोजलेला डेटा आहे? दोन्ही चांगलंच काम आहे, पण तुम्हाला हाताने काही जुळवायची हौस असेल आणि चार वर्षं नुसती गॅमा-गॅमा मॉडेलची (हवेच्या खळबळीने सिग्नल कसा कमी-जास्त होतो त्याचं गणिती मॉडेल) इंटिग्रल्स सोडवत बसावं लागलं तर फार घुसमट होते, हे मी जवळून बघितलंय. अजून एक, डिफेन्स किंवा सॅटेलाइटच्या पैशावर चालणाऱ्या काही प्रोजेक्टमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना घेताच येत नाही, तेव्हा फंडिंग नक्की कुठल्या प्रोजेक्टमधून आणि किती वर्षांचं आहे हे ऑफर स्वीकारायच्या आधीच स्पष्ट विचारा. त्यात लाजायचं काही नाही.

येण्याआधी काय वाचू म्हणाल तर कान आणि बॅरी यांचा १९९७ चा वायरलेस इन्फ्रारेडवरचा पेपर, जुना आहे पण पाया तिथेच पक्का होतो. आपण प्रकाशाची तीव्रता कमी-जास्त करून डेटा पाठवतो आणि तीव्रता काही निगेटिव्ह होऊ शकत नाही, म्हणून रेडिओतलं ओएफडीएम (डेटा एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर वाटून पाठवायची पद्धत) इथे जसंच्या तसं चालत नाही, त्याला डीसी बायस तरी द्यावा लागतो, म्हणजे सगळा सिग्नल शून्याच्या वर उचलावा लागतो, नाहीतर निगेटिव्ह भाग कापावा लागतो. आणि डीबीकडे, म्हणजे डेसिबल या सिग्नलचं प्रमाण मोजायच्या लॉगरिदमिक एककाकडे, नीट लक्ष द्या. फोटोडायोडचा (प्रकाशाचा करंट करणाऱ्या डिटेक्टरचा) करंट ऑप्टिकल पॉवरच्या प्रमाणात असतो आणि इलेक्ट्रिकल पॉवर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे ऑप्टिकल ३ डीबी कमी झाले की इलेक्ट्रिकल सिग्नल ६ डीबीने पडतो, रेडिओकडून आलेले हुशार लोकसुद्धा इथे अडकतात.

लिंक बजेट, म्हणजे पाठवलेल्या पॉवरपैकी किती पोचते आणि किती वाटेत जाते याचा हिशोब, आधी कागदावर करा, मॅटलॅब सॉफ्टवेअर नंतर. बीम १ मिलीरेडियनने पसरतोय तर १ किलोमीटरवर त्याचा ठिपका साधारण १ मीटरचा, तुमची लेन्स १० सेंटिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशोबाने शंभरातला एकच भाग हाताला लागला, २० डीबी इथेच गेले. त्यात दाट धुकं आलं तर किलोमीटरला १०० डीबीच्याही वर जातात. एवढा हिशोब तोंडपाठ असला ना की ग्रुप मीटिंगमध्ये कोणी काहीही विचारू दे, तुम्ही ठामपणे बोलू शकता, भाषा थोडी अडखळली तरी आकडे बरोबर असले की लोक शांतपणे ऐकून घेतात.

लॅबमधला सगळ्यात जास्त वेळ अलाइनमेंट, म्हणजे बीम डिटेक्टरवर नेमका जुळवणं, खाते. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड बीम डोळ्याला दिसतच नाही, इन्फ्रारेड पडल्यावर चमकणारं कार्ड धरून शोधावा लागतो, मग दोन आरशांचे स्क्रू आळीपाळीने अगदी थोडे थोडे फिरवत तो ठिपका डिटेक्टरवर आणायचा, आणि फास्ट डिटेक्टर म्हणजे केसाच्या जाडीएवढा. मोठा का नाही घ्यायचा? कारण एरिया वाढला की कपॅसिटन्स वाढतो आणि बँडविड्थ पडते. ही कसरत सीनियरच्या शेजारी उभं राहूनच शिका, पेपरात ती कोणी लिहीत नाही. घड्याळ, अंगठी काढून ठेवा, टेबलाच्या उंचीवर डोळे कधीही नेऊ नका, आणि १५५० डोळ्याला सेफ असतं हे ऐकून गॉगल काढू नका, त्याचा अर्थ इतकाच की रेटिनापर्यंत फार कमी पोचतं म्हणून मर्यादा जास्त आहे, मर्यादा आहेच.

परदेशी विद्यार्थी म्हणून कॉन्फरन्सचं एक लक्षात ठेवा, ती तिसऱ्याच देशात असली तर तुम्हाला वेगळा व्हिसा लागू शकतो आणि तिथल्याच मित्राला लागत नाही, म्हणून पेपर स्वीकारल्याचा मेल आला की त्याच आठवड्यात व्हिसाच्या कामाला लागा.

आउटडोअर लिंकवर काम असेल तर पहिल्या वर्षातच रेकॉर्डिंग सुरू करा, सेटअप अर्धवट असला तरी. धुकं, उकाडा, पाऊस आपल्या डेडलाइन बघून येत नाहीत आणि एक मोसम हुकला की सरळ वर्षभर थांबायचं. व्हिजिबिलिटी आणि तापमानाचे सेन्सर लिंकच्या शेजारीच लावा, लांबच्या वेधशाळेचे आकडे तुमच्या गच्चीवर लागू होतीलच असं नाही. सगळ्या उपकरणांची घड्याळं एकमेकांशी जुळवून घ्या. टर्ब्युलन्समुळे (हवेच्या खळबळीमुळे) होणारे फेड, म्हणजे सिग्नल मध्येच मंदावणं, मिलिसेकंदांचे असतात, म्हणून मिनिटाची सरासरी साठवून भागत नाही, सेकंदाला काही हजार सॅम्पल तरी घ्या आणि कच्चा डेटा जपून ठेवा, गाइड नंतर हमखास मागतात.