गॅलरीतलं खत: आधी पाचोळा, मग ड्रम

कांदा सडतो, खत कुजतं. मराठीनं हे दोन शब्द उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. कुजायला हवा लागते. हवा कोंडली की तोच कचरा सडतो, खाली काळं पाणी साठतं आणि तिसऱ्या दिवशी शेजारी विचारायला येतात. भाज्यांच्या सालादेठांत 80 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते शोषायला कोरडं काही नसेल तर कचरा आपल्याच पाण्यात बसतो, मधल्या फटी बुजतात आणि हवा संपते. त्यामुळे ड्रम नंतर आणला तरी चालेल, पाचोळा आधी जमवा.

तो जमवायचा पानगळीत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. पावसाळ्यात खत बिघडतं ते बहुतेक कोरडा पाचोळा संपल्यामुळे. जुलैत भिजलेली पानं गोळा करून काही उपयोग नाही. सोसायटीत झाडलोट करणाऱ्यांना सांगून ठेवलं तर दोन-चार गोण्या सहज मिळतात. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं सगळ्यात उत्तम, चुरायलाही लागत नाहीत. बदामाचं पान मोठं आणि चिवट, ते कडक वाळल्यावर गोणीतच पायानं तुडवून घ्यावं. आंबा-फणसाची पानं चालतात, पण फार सावकाश कुजतात. चौघांच्या घराला महिन्याला साधारण एक गोणीभर चुरा लागतो. पाचोळा मिळालाच नाही तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडाचा भुसा किंवा रसवंतीवरचं वाळवलेलं, बारीक केलेलं उसाचं चिपाड वापरा. भुसा रंग किंवा पॉलिश लागलेल्या लाकडाचा, प्लायवूडचा नको.

ड्रम 50 लिटरचे, झाकणाचे, दोन घ्या. एक भरत असताना दुसरा मुरत असतो. दोघंच असाल तर रंगाच्या 20 लिटरच्या बादल्या पुरतात, मात्र आतला रंग खरवडून, धुऊन घ्या. बाजूंना दर चार बोटांवर 8 मिलिमीटरचं भोक पाडा, तळाला आठ-दहा. ड्रिल नसेल तर तापवलेली सळई चालते, पण ते काम उघड्यावर करा, प्लास्टिकचा धूर वाईट असतो. ड्रम दोन विटांवर ठेवा, खाली थाळा. जागा सावलीची, पावसाचे शिंतोडे न येणारी.

तळाला नारळाच्या शेंड्या किंवा काटक्यांचा चार बोटं थर द्या, वर तेवढाच पाचोळा. विरजण म्हणून तयार खताच्या दोन-तीन ओंजळी टाका. तयार खत नसेल तर शेणाचा एक गोळा पाण्यात कालवून शिंपडा, किंवा वाटीभर आंबट ताक चौपट पाण्यात घालून. बाजारात मिळणारी कल्चरची पाकिटं घेतली नाहीत तरी काही अडत नाही.

मग रोज एक भांडं ओला कचरा आणि त्याच भांड्यानं एक ते दीड भांडं चुरलेला पाचोळा. कलिंगड, टोमॅटो, दुधी जास्त असेल तर दोन. कचरा बोटाच्या पेराएवढा चिरलेला असावा. केळीचं साल अख्खं टाकलं तर आठवड्यानंही ओळखू येतं, चिरलेलं तोवर विरघळत आलेलं असतं. रोज शेवटचा थर पाचोळ्याचाच हवा, साल वर दिसता कामा नये. दर तीन-चार दिवसांनी खुरप्यानं तळापर्यंत वरखाली करा.

ओल किती, हे हाताला विचारावं. मधलं मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखादा थेंब जमला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर ठीक. पाणी ठिबकलं तर पाचोळा वाढवा. गोळा लगेच फुटला तर पाणी शिंपडा.

चहाचा चोथा धुऊन टाका, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. अंड्याची टरफलं कुटून. निर्माल्यातला दोरा आणि हारातली चमकी काढून. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या टाकूच नका, वर्षभर तशाच निघतात. तेलकट उरलेलं, लोणचं, मासळी, हाडं पहिल्या ड्रममध्ये तरी नकोत: तेलानं हवा अडते, मीठ खतात उरून झाडाला बाधतं आणि मासळीच्या वासानं उंदीर येतात. रोगट झाडंही नकोत. मोठा ढीग तापून 55 अंशांच्या वर जातो, तेव्हा रोगाचे जंतू आणि बिया मरतात. एवढ्याशा ड्रममध्ये ती धग टिकत नाही. म्हणूनच घरच्या खतातून टोमॅटो आणि भोपळा न विचारता उगवतो.

बिघाड वासावरून कळतो. नाकाला झोंबणारा, मुताऱ्यांसारखा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, पाचोळा मिसळला की दोन दिवसांत जातो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कोंडलीय. तेव्हा नुसता वरून पाचोळा भुरभुरवून भागत नाही. ड्रम गोणपाटावर ओता, गठ्ठे फोडा, तळाची भोकं मोकळी करा, भरपूर पाचोळा मिसळून पुन्हा भरा.

चिलटं झाली तर वर दोन इंच पाचोळा आणि तोंडाला जुनं सुती कापड. मातकट रंगाच्या जाड अळ्या वळवळताना दिसल्या की पुष्कळ जण घाबरून सगळं फेकून देतात. त्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असतात. भाजीच्या साली भराभर फस्त करतात, माणसाला चावत नाहीत, पण त्या वाढल्या म्हणजे आत ओल जास्त आहे. पांढरी बुरशी चांगलीच. मुंग्यांनी घर केलं तर ड्रम कोरडा पडलाय.

थाळ्यात पाणी साठत असेल तर त्याला ‘द्रवखत’ म्हणून मिरवू नका, पाचोळा कमी पडतोय. ते दहापट पाण्यातून शोभेच्या झाडांना घाला, कोथिंबीर-पालकाला नको.

ड्रम भरला की झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा. दीड-दोन महिन्यांत कचरा तिसऱ्या हिश्शावर येतो, काळपट होतो आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. सावलीत दोन दिवस पसरून वाळूच्या चाळणीनं चाळा. वरचा चोथा पुढच्या ड्रमचं विरजण.

खात्री हवी असेल तर निम्मी माती, निम्मं खत घालून दहा मेथीदाणे पेरा. चार-पाच दिवसांत आठ-नऊ उगवले तर खत झालं. दोन-तीनच आले, पिवळे पडले तर अजून पंधरा दिवस मुरू द्या: कच्चं खत कुंडीत कुजत बसतं आणि मुळांचा प्राणवायू व नत्र ओढतं.

नव्या कुंडीला दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट. जुन्या 12 इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी, वरची माती उकरून, खोडापासून चार बोटं लांब.