इंग्लंडमधल्या गावाचा इतिहास चर्चच्या रजिस्टरमधून कसा काढायचा

बहुतेक लोक सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात, म्हणजे सगळ्यात जुनं रजिस्टर उघडायचं आणि मग त्या अक्षरापुढे हात टेकायचे. त्यापेक्षा जे पक्कं माहितीये तिथून एकेक पायरी मागे जा. आणि आधी एक गोष्ट, गाव आणि पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर) एकच नसतं हं! एका पॅरिशमध्ये चार वाड्या असू शकतात, कधी एकच गाव दोन पॅरिशमध्ये विभागलेलं असतं, त्यामुळे जुन्या पॅरिशच्या हद्दीचा नकाशा समोर ठेवूनच बसा.

मग जनगणना. १८४१ पासून दर दहा वर्षांनी नावानिशी याद्या मिळतात, १९२१ पर्यंतच्या बघता येतात. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १८४१ च्या यादीतल्या वयावर फार विसंबू नका, १५ वर्षांवरच्यांचं वय बहुतेक वेळा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय, ३९ चा माणूस ३५ चा झालाय. खरी किल्ली १८५१ ची आहे, कारण तिथून पुढे माणूस कुठल्या पॅरिशमध्ये जन्मला ते लिहिलेलं असतं, आणि कुठलं रजिस्टर उघडायचं ते तिथेच कळतं.

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, त्याच्या आधी सगळी भिस्त चर्चवर. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं. पण खूप गावांची रजिस्टरं नेमकी १५५८ पासून सुरू झालेली दिसतात, त्याचं कारण मजेशीर आहे. १५९८ मध्ये सांगितलं की जुन्या कागदी नोंदी चामड्याच्या पानांवर उतरवून काढा, विशेषतः पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनच्या, म्हणजे १५५८ नंतरच्या, मग काय, बऱ्याच पाद्र्यांनी त्याच्या आधीचं उतरवलंच नाही, आयतीच पळवाट मिळाली. त्याच वेळी दरवर्षी एक नक्कल बिशपकडे, म्हणजे पाद्र्यांच्या वरिष्ठाकडे, पाठवायचंही ठरलं. त्यामुळे मूळ रजिस्टर ओलीने गेलं असेल तर बिशपकडची नक्कल शोधा, आणि दोन्ही असतील तर दोन्ही बघा, कधीकधी एकात जास्त माहिती असते. १६४० ते १६६० च्या यादवीच्या काळात नोंदी तुटक असणार हे गृहीत धरा.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ती जागा. समजा रजिस्टरमध्ये लग्न एप्रिल १७२० चं आहे आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा जानेवारी १७२० चा. लगेच भुवया उंचावू नका. १७५२ च्या आधी तिथे नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे तो जानेवारी एप्रिलनंतर आला, आपल्या हिशोबाने १७२१, बिचाऱ्या जोडप्याचं काहीही चुकलेलं नाही. टिपण करताना दोन्ही वर्षं लिहा, १७२०/२१ असं. शिवाय बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे, काही घरांत तीन-चार भावंडांना एकाच दिवशी उरकलेलं असतं.

१७५४ पासून लग्नाच्या नोंदीत नवराबायकोच्या आणि साक्षीदारांच्या सह्या येतात, लिहिता येत नसेल तर फुली. साक्षीदारांची नावं उतरवून घ्याच, बरेचदा नात्यातलेच निघतात. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबांना माफ, म्हणून नावापुढे 'पी' (पॉपर, म्हणजे गरीब) दिसला तर ते घर गरीब म्हणून करातून सुटलेलं होतं असं समजा. (काही जण नुसते पैसे वाचवायलाही गरीब झाले असतील, असं आपलं मला वाटतं.) १८१३ पासून छापील फॉर्म आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदाही मिळायला लागला.

पण नुसत्या रजिस्टरवर गाव उभं राहत नाही. गरिबांना कोणी किती मदत दिली त्याचे हिशोब, बाहेरून आलेल्याला परत त्याच्या पॅरिशमध्ये हाकलल्याचे हुकूम, चर्चवॉर्डनच्या (चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्याच्या) वह्या, हे सगळं पॅरिशच्या पेटीतलं घबाड आहे. १८३६ च्या कायद्यानंतरचे टाइद (चर्चला द्यायचा शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा) नकाशेही बघा, कुठलं शेत कोणाचं आणि कसत कोण होतं ते कळतं. दफनाची नोंदही पूर्ण गोष्ट सांगत नाही. डर्बीशायरमधल्या ईयम गावात १६६६ च्या प्लेगमध्ये एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने नवरा आणि सहा मुलं आठ दिवसांत स्वतः पुरली, ती थडगी चर्चच्या आवारात नाहीत, शेताजवळ आहेत.

ऑनलाइन फ्रीरेग आणि फॅमिलीसर्च या नोंदी शोधायच्या साइट फुकट आहेत, पण इंडेक्स हा फक्त पत्ता समजा, मूळ पानाचा फोटो बघितल्याशिवाय काही लिहू नका. जुन्या अक्षरात लांब 'एस' हा 'एफ' सारखा दिसतो, मी 'मॉस' आडनाव तीन संध्याकाळी शोधत होतो आणि इंडेक्सवाल्याने ते 'मॉफ्स' केलं होतं! न सापडलेलं काउंटी रेकॉर्ड ऑफिसमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या दप्तरखान्यात बघा, जाताना पेन्सिल न्या, पेन वापरू देत नाहीत. आणि काय मिळालं त्यासोबत कुठली वर्षं चाळून काहीच नाही मिळालं तेही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच पानं पुन्हा उलटत बसाल.