भंगारातली ॲल्युमिनियमची बोट पुन्हा पाण्यात: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ माझ्या भाच्याचं घर आहे. हतनूर धरणाचं पाणी फुगलं की ते त्याच्या बांधापर्यंत येतं. मागच्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला, "मामा, ॲल्युमिनियमची बोट मिळून राह्यली, भंगाराच्या भावात. घेऊ का?" मी एसटीच्या बॉडी सेक्शनला एकतीस वर्षं काढली. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारी ठोकायची खीळ, हेच माझं काम होतं. म्हटलं, मी येईपर्यंत पैसे देऊ नको.

बोट चौदा फुटी, रिव्हेटची. एका जुन्या मासे-ठेकेदाराच्या वाड्यात निंबाखाली उताणी पडलेली. आत वीतभर पाला कुजलेला, मागची फळी गेलेली, बाकाखालचा फोम ओला. वजनावर सौदा झाला, चौदा हजार. फेब्रुवारी-मार्च अशा दोन महिन्यांत ती आम्ही पाण्यावर आणली. इंजिन सोडून दुरुस्तीला अठरा हजारांच्या आत खर्च आला. कुणाच्या हाती अशी बोट लागली तर ती वाया जाऊ नये, म्हणून हे सगळं लिहितोय.

घेण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, बोटीच्या एका टोकाला बसून तळाच्या मधल्या कण्यावर नजर लावा. कणा सरळ हवा. तो वाकलेला असेल तर बोट सोडून द्या, तो घरी सरळ होत नाही. दुसरी, पाला-चिखल जिथे साचला होता तिथे बोटाने खरवडून बघा. ओल्या पाल्याखाली ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी येते आणि खाली टाचणीएवढे खड्डे पडतात. असे चार-पाच असतील तर चालतं. चाळणी झाली असेल तर नको. तिसरी, मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात. तिला ट्रान्सम म्हणतात. हातोडीच्या दांड्याने ठोका. चांगलं लाकूड टणटण बोलतं, कुजलेलं भद वाजतं. पण ही कुजली म्हणून बोट नाकारू नका. ती बदलता येते आणि तेवढ्यासाठी भाव पाडून मिळतो.

आता आधी गळती शोधायची. इथे लोक घाई करतात. समोर दिसेल त्या रिव्हेटवर सिलिकॉन थापतात आणि पाणी दुसरीकडूनच येतं. आम्ही असं केलं. बोट साध्या पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुतली. कॉस्टिक सोडा किंवा तसलं कुठलंही जहाल क्षार चुकूनही वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो. मग वाळूने भरलेल्या गोण्या आणि जुने टायर कण्याखाली लावून बोट कमरेएवढी उचलली आणि आत चार इंच पाणी भरलं. चार इंच ऐकायला थोडं वाटतं, पण चौदा फुटी बोटीत ते साडेचारशे-पाचशे लिटर होतं, म्हणजे अर्धा टन. टेकू दोनच ठिकाणी असतील तर पत्रा बसेल. पाच-सहा ठिकाणी आधार द्या.

पाणी भरल्यावर मी बॅटरी घेऊन खाली निजलो. दहा मिनिटं काही नाही. मग तिसऱ्या बरगडीजवळच्या एका रिव्हेटच्या डोक्याभोवती ओल आली, तिचा थेंब झाला, थेंब लोंबला आणि पडला. भाचा वरून ओरडला, "दिसलं का मामा?" दिसलं. मार्करने गोल केला. तासाभरात बावीस गोल झाले आणि शिवणीच्या, म्हणजे दोन पत्रे जोडलेल्या सांध्याच्या, दोन जागा. बावीसपैकी सतरा गोल पुढच्या बाकाच्या आणि मधल्या बाकाच्या दरम्यान. बोट काठावरच्या दगडाला पुढून टेकायची, त्याचा तो मार. थेंब जिथे पडतो तिथे नाही, जिथून निघतो तिथे खूण करा, कारण पाणी शिवणीतून हातभर चालत जातं.

सैल रिव्हेट ओळखायची आमची जुनी खूण बसला लागू होते तशी बोटीलाही होते. हलणाऱ्या रिव्हेटभोवती काळपट धुरासारखं वर्तुळ दिसतं. धातू धातूवर घासून झालेली ती पूड असते. असं रिव्हेट आधी पुन्हा ठोकून घट्ट बसतं का ते बघायचं. त्याला माणसं दोन लागतात. एकाने बाहेरून डोक्यावर डॉली दाबून धरायची. डॉली म्हणजे हातात मावणारा दीड-दोन किलोचा पोलादी ठोकळा. दुसऱ्याने आतून हातोडीने तीन-चार नेमके ठोके द्यायचे. डॉली उडाली तर ठोका फुकट जातो. नीट बसलं की आवाज बदलतो, पोकळ ठकठक जाऊन भरीव टक येतं. तो आवाज आला की थांबा. ॲल्युमिनियम ठोकून ठोकून कडक होतं आणि मग त्याला चीर जाते. आमची बावीसपैकी चौदा रिव्हेटं अशीच बसली, एक पैसा न लागता.

बाकीच्या आठांची भोकं मोठी झालेली होती. ती काढून एक नंबर मोठं रिव्हेट घातलं. इथे एक चूक हमखास होते. बाजारात सहज मिळणारं पॉप रिव्हेट मधून पोकळ असतं. ते बसवताना मधला खिळा ओढून तोडतात; तो तुटला की नळी उघडी राहते आणि नळीतून पाणी येतं. बसच्या वरच्या पत्र्याला ते चालतं, पाण्याखाली नाही. बंद तोंडाचं पॉप रिव्हेट मागून घ्या, ॲल्युमिनियमचं, आतला खिळाही ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा. लोखंडी खिळ्याचं घेतलं तर दोन पावसाळ्यांत भोक गंजाने भरतं. बसवताना भोकात पॉलीयुरेथेन सीलंट भरायचं. आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन घेऊ नका. त्यातलं आम्ल ॲल्युमिनियमला लागतं, आणि त्यावर नंतर ना रंग धरत ना दुसरं सीलंट. आमच्या बोटीला आधीच्या कुणी ते फासलं होतं. खरवडून काढायला माझे दोन दिवस गेले.

शिवणीच्या गळतीला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवले की घट्ट होणारा गोंद. सकाळी दहाच्या सुमाराला, पत्रा उन्हाने कोमट झाला की आतून शिवणीवर पातळ इपॉक्सी ओतायचं. कोमट पत्र्यावर ते पाण्यासारखं पातळ होतं आणि फटीत शिरतं. एका वेळी चहाच्या कपाएवढंच कालवा. जास्त कालवलं तर डबा हातात तापतो आणि मिनिटांत दगड होतो. हे काम मार्च संपायच्या आत उरका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याला हात लागत नाही, आणि इपॉक्सी पसरायच्या आत घट्ट होतं.

ॲल्युमिनियमवर इपॉक्सी धरत नाही अशी तक्रार असते, त्याचं कारण हवा. घासलेल्या ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा येऊ लागतो. म्हणून कोरडं घासून झाल्यावर इपॉक्सीचा पातळ हात द्या आणि तो ओला असतानाच त्यावरून पुन्हा पॉलिश पेपर फिरवा. हवा लागायच्या आत इपॉक्सी उघड्या धातूला भिडतं. ब्रश घ्यायचा तर स्टेनलेसचा घ्या. लोखंडी तारेचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे तिथे खड्डे पडतात. घासताना तोंडाला मास्क हवाच.

खड्ड्यांच्या जागी आम्ही एकच ठिगळ लावलं, दीड वीत लांब. पत्रा ५०५२ जातीचा, मूळ पत्र्याएवढ्याच जाडीचा. कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यातूनच पुढे चीर सुटते. ठिगळाखाली सीलंट, कडेने इंच-सव्वा इंचावर रिव्हेट. पत्र्याला चीर असेल तर ठिगळ लावायच्या आधी चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती तिथेच थांबते.

वेल्डिंग का नाही, हे मला बरेच जण विचारतात. लोखंड लाल होऊन सांगतं की मी तापलोय. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही, ६६० अंशांना एकदम वितळून खाली पडतं. पातळ, जुना, फटीत चिखल-तेल मुरलेला पत्रा टिग वेल्डिंगवाल्याच्याही हातात जळतो. त्याची उष्णता आजूबाजूच्या चांगल्या रिव्हेटांना सैल करते ते वेगळंच. रिव्हेटची बोट रिव्हेटनेच दुरुस्त करावी, असं माझं ठाम मत आहे.

आता ट्रान्सम. पैसे इथे घाला. सगळं इंजिन या फळीवर लटकतं आणि बोटीला ढकलणारा जोरही हिच्यावरच येतो. शटरिंगचा प्लाय, पेटीचं लाकूड, जुनं दार, यांतलं काही चालणार नाही. आय.एस. ७१० छाप असलेला मरीन प्लायच हवा. अख्खी शीट घ्यायची गरज नाही. फर्निचरवाल्याकडे अठरा मिलिमीटरचे उरलेले तुकडे असतात, मला बाराशेत मिळाले. जुन्या फळीवरून पुठ्ठ्यावर माप काढा, दोन तुकडे कापा, इपॉक्सीने एकमेकांना चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. मग सगळ्या बाजूंनी इपॉक्सीचे तीन हात. प्लाय पाणी पितो तो कडेने, म्हणून कडांना चौथा हात.

बोल्टची भोकं हा खरा दगा. वरून कितीही इपॉक्सी लावा, भोक पाडलं की आत कोरडं लाकूड उघडं होतं. म्हणून भोक दुप्पट मोठं पाडायचं, त्यात इपॉक्सी भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. लाकडाला पाणी दिसतच नाही. बोल्ट ३०४ स्टेनलेसचे, आणि ॲल्युमिनियमला लागतात तिथे नायलॉनचा वॉशर. पितळ किंवा तांबं कुठेही नको. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांची बॅटरी होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. वाळवीसाठी तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूडही त्याच कारणाने नको. तळाला शेवाळ धरू नये म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच रंगांत तांबं असतं, तेही नको.

बाकाखालच्या फोमकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तो दिसत नाही. बोटीत पाणी भरलं तर तुम्हाला वर धरणारा तोच आहे. आमच्या बोटीतला काढून पिळला तर बादलीभर पाणी निघालं. थर्माकोल स्वस्त पडतो म्हणून भाचा तोच आणणार होता. मी एका वाटीत पेट्रोल घेतलं आणि थर्माकोलचा तुकडा त्यात बुडवला. फसफसून विरघळला, तळाला डिंकासारखा लगदा राहिला. बोटीत पेट्रोल सांडणारच. पॅकिंगला वापरतात तो बंद पेशींचा पांढरा ईपीई फोम आणला. हिशोब सोपा आहे: एक लिटर फोम जवळजवळ एक किलो वजन उचलतो. बोट बुडाली तरी ॲल्युमिनियमचं वजन पाण्यात सुमारे ६३ टक्केच उरतं. पंचाण्णव किलोची बोट साठ किलो, इंजिन वीस-पंचवीस, वर धरून राहणारी तीन माणसं आणि थोडी शिल्लक. आम्ही दीडशे लिटर भरला. जास्तीत जास्त मागच्या बाजूला, कारण इंजिनाचं वजन तिकडे आहे.

रंगात पैसे घालू नका. गोड्या पाण्यात उघडं ॲल्युमिनियम स्वतःचं रक्षण करतं. बाहेरून आम्ही रंग लावलाच नाही. आत मात्र लावला, कारण खान्देशच्या उन्हात उघडा पत्रा डोळ्यांवर चमकतो आणि पाय भाजतो. ॲल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला किंचित चावून धरणारा पहिला हात, त्यावर फिकट मातकट मॅट रंग. साध्या रेड ऑक्साइडवर मारलेला रंग पापडासारखा सुटतो.

इंजिनाचं काम माझ्या मित्राने केलं, तो डिझेल-पेट्रोल दोन्हींत मुरलेला आहे. आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, जुनं, कोकणातून आणलं. घेताना खालच्या गिअरचं तेल काढून बघा. ताकासारखं पांढुरकं निघालं तर आत पाणी शिरतंय. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे आतला फिरणारा पंखा, न बघताच बदला. पूर्णा भरपूर गाळ आणते, आणि गाळाच्या पाण्यात हे रबर लवकर झिजतं. कोरडं कधी चालवू नका, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये खालचा भाग बुडवून चालवा आणि बाजूने पाण्याची बारीक धार येते का ते पाहा. ट्रान्समची उंची आधी मोजा. शॉर्ट शाफ्टच्या, म्हणजे आखूड दांड्याच्या इंजिनाला पंधरा इंच, लाँगला वीस. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पातळीत यायला हवी.

बोट तयार झाली म्हणून सरळ धरणात नेता येत नाही. जलाशय जलसंपदा विभागाचा असतो, मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेचा किंवा ठेकेदाराचा. त्यांची परवानगी लागते. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला २०२१च्या अंतर्देशीय जलयान (Inland Vessels) कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणीही लागते. आणि परवानगी हातात असली तरी पावसाळ्यात हतनूरच्या बाजूला फिरकू नका. ४१ दरवाज्यांपैकी किती, कधी उघडतील हे तुमच्या आठ हॉर्सपॉवरला कळत नाही.

पहिल्या दिवशी इंजिन न लावता बोट काठाला बांधून तासभर पाण्यात ठेवा. आम्ही ठेवली. भाचा दर दहा मिनिटांनी आत हात फिरवायचा. पुढच्या बाकाखाली एकदा तळवा ओला झाला, एक रिव्हेट राहिलं होतं. काढून आणली, पुन्हा डॉली लावली. दुसऱ्या खेपेला कोरडी. मग इंजिन, लाइफ जॅकेट दोघांनाही, वल्ही आत, आणि इंजिन बंद करायची दोरी मनगटाला. अर्धा तास हळू चालवून परत आलो की ट्रान्समचे सगळे बोल्ट पुन्हा आवळले, कारण पहिल्या धक्क्यांनी लाकूड थोडं दबतं. तळाचं बूच, म्हणजे आतलं पाणी काढायच्या भोकाचं झाकण, आम्ही इंजिनाच्या त्या दोरीलाच बांधून ठेवतो. बूच लागल्याशिवाय दोरी सुटत नाही, आणि दोरी लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.