जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावताय? या चुका टाळा

मागच्या वर्षी सांगलीच्या मामांनी त्यांची जुनी पेटी माझ्याकडे दिली. मामांनी कितीतरी वर्षं लग्नाचे फोटो काढले, पेटीत पेंटॅक्स के१००० हा फिल्मचा कॅमेरा आणि दोन लेन्स, एक ५० मिमीची आणि एक २८ ची. मी सोनीचा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) वापरतो, म्हणलं जुनी लेन्स त्यावर बसवणारी रिंग, म्हणजे एक अॅडॉप्टर घेऊ आणि सप्टेंबरात कासला जाऊ. ऑनलाइन बघून सगळ्यात स्वस्त होता तो मागवला, लेन्स बसली, क्लिक आवाज आला, झालं म्हणून मी साताऱ्यातून पहाटे गाडी काढली.

पठारावर ढगाळ उजेड होता म्हणून २८ ची लेन्स एफ/२.८ वर, म्हणजे अॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण उघडं ठेवून काढत होतो. जवळची फुलं अशी सुंदर आली की काय सांगू, पण मागचे डोंगर घ्यायला गेलो की फोकसची रिंग इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेला टेकली तरी सगळं मऊ, धुरकट. मला वाटलं मामांच्या लेन्सला बुरशी लागली असणार. घरी येऊन एका रिपेअरवाल्याकडे दिली, त्याने खोलून साफ केली, पैसे घेतले, आणि फोटो होते तसेच. लेन्सचा काही दोषच नव्हता हो! जवळचं कडक येतंय आणि लांबचं येत नाही, एवढ्यावरूनच मला कळायला पाहिजे होतं की अॅडॉप्टर जाड आहे.

हे नीट समजून घ्या, कारण निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. प्रत्येक माउंटला, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते त्या जोडाला, लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, त्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. पेंटॅक्स के आणि एम४२ (जुनं आट्यांचं माउंट) यांचं ४५.४६ मिमी, निकॉन एफ चं ४६.५, कॅनन ईएफ चं ४४, जुन्या कॅनन एफडी चं ४२. मिररलेसमध्ये आरसा नाही म्हणून ते एकदम कमी, सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७. अॅडॉप्टर म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक भरून काढणारी रिंग, बास. माझ्यासाठी तो ४५.४६ वजा १८ म्हणजे २७.४६ मिमी पाहिजे होता. एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडे व्हर्नियर लावून मोजला तर २७.६ भरला. ०.१४ मिमी जास्त. ऐकायला काहीच वाटत नाही, पण हिशोब करा, फोकल लेंथचा, म्हणजे लेन्सच्या त्या २८ आकड्याचा वर्ग भागिले ती चूक, म्हणजे २८ गुणिले २८ भागिले ०.१४, साधारण ५६०० मिमी. माझी लेन्स साडेपाच मीटरच्या पुढे फोकस करूच शकत नव्हती!

त्याच अॅडॉप्टरवर ५० ची लेन्स १८ मीटरपर्यंत जाते आणि १३५ ची १३० मीटरपर्यंत, म्हणून पोर्ट्रेट काढणाऱ्याला हा दोष कधी जाणवतही नाही, वाइडवाल्याचं मात्र वाटोळं होतं. एफ/८ किंवा ११ ला बंद केलं की बराचसा झाकला जातो, त्यामुळे तपासताना अॅपर्चर उघडंच ठेवा. आणि मोजताना एका जागी मोजून सोडू नका, गोल फिरवत चार ठिकाणी मोजा, सगळीकडे एकच आकडा यायला हवा, नाहीतर फोटोची एक बाजू कडक आणि दुसरी मऊ येते आणि आपण पुन्हा लेन्सलाच शिव्या घालतो. मी मित्राला म्हणलं लेथवर जरा घासून दे, त्यानेच नको सांगितलं, एका बाजूला दोन शतांश मिमी जास्त गेलं तरी वाकडं बसेल. जाड अॅडॉप्टर परत करा. पातळ असला तर चालतो, बरेच जण मुद्दामच किंचित पातळ बनवतात, तेव्हा रिंग इन्फिनिटीच्या पुढे जाते आणि तुम्हाला थोडं अलीकडे थांबावं लागतं एवढंच, फक्त लेन्सवरचे मीटरचे आकडे मग खरे मानू नका.

आता याच आकड्यांवरून डीएसएलआरवाल्यांचा, म्हणजे आरशाच्या कॅमेरावाल्यांचा, कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर चालेल हा घोळ पण सुटतो. निकॉनची जुनी लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर चालते, ४६.५ मधून ४४ गेले, अडीच मिमीची रिंग बसते. उलटं होत नाही. एफडी लेन्स ईएफ बॉडीवर पण नाही, तिचं अंतर बॉडीपेक्षा कमी आहे. असे अॅडॉप्टर विकतात, आत एक काच टाकलेली असते, ती काच स्वस्तातली असली की चांगल्या लेन्सचा पार कचरा होतो. एम४२ ची रशियन हेलिओस लेन्स घेऊन निकॉन डीएसएलआरवर लावणारे लोक इथेच फसतात, एक मिमी कमी पडतं आणि लांबचं काही दिसत नाही.

ऑर्डर करताना नाव नीट वाचा. पाकिटावर आधी लेन्सचं माउंट आणि मग बॉडीचं लिहितात, एफडी-नेक्स म्हणजे एफडी लेन्स सोनी ई बॉडीवर. नेक्स बघून घाबरू नका, सोनी ई ला अजून बरेच जण तेच म्हणतात, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीला पण तोच. आणि नुसतं "कॅननची लेन्स आहे" एवढ्यावर घेऊ नका, एफडी, ईएफ, आरएफ हे तिन्ही वेगळे.

इलेक्ट्रॉनिक लेन्सवर पैसे वाचवायला जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. कॅननची ५० एमएम १.८ एसटीएम खूप जणांकडे असते, ती बिनकॉन्टॅक्टच्या (कॅमेऱ्याशी विजेचा जोड नसलेल्या) साध्या अॅडॉप्टरवर लावली तर अॅपर्चर बदलत नाही आणि फोकस रिंग पण नुसती फिरत राहते, कारण दोन्ही कामं कॅमेऱ्याच्या करंटवर चालतात. तिला कॉन्टॅक्टवालाच अॅडॉप्टर लागतो, आणि त्याला यूएसबीचं पोर्ट असेल तर फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा, ऑटोफोकस अडखळत असेल तर बऱ्याचदा तिथेच सुटतं. निकॉनवाल्यांनी लक्षात ठेवा, जुनी एफ लेन्स झेड बॉडीवर लावायच्या निकॉनच्याच एफटीझेड अॅडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, म्हणून स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स झेड बॉडीवर हातानेच फोकस करावी लागते, मोटरवाली एएफ-एस असेल तर ऑटो चालतं. निकॉनच्या "जी" (G) प्रकारच्या लेन्सला अॅपर्चर रिंगच नसते, साधा अॅडॉप्टर घेताना त्यावर स्वतःची अॅपर्चर रिंग आहे का बघून घ्या.

लेन्स बसली पण शटरच पडत नाही असं झालं तर कॅमेरा बिघडलेला नाही. त्याला लेन्स दिसतच नाही. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू करायचं सेटिंग असतं, ते ऑन करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ हाताने भरा आणि खरी भरा, क्रॉप (लहान) सेन्सरवर ५० ची लेन्स लावली म्हणून ७५ टाकू नका, नाहीतर स्टॅबिलायझेशनच फोटो हलवतं. लेन्स बदलली की आकडा पण बदलायचा, हे मी स्वतः दहादा विसरलोय.

एम४२ च्या बऱ्याच लेन्सना मागे एक पिन असते, ती दाबली गेली तरच अॅपर्चर बंद होतं. लेन्सवर ए-एम असा खटका असेल तर एम वर ठेवा, नसेल तर पिन दाबणारी कडा असलेला अॅडॉप्टर घ्या. एफ/८ लावून पण फोटो पांढरे पडतायत आणि मागचं सगळं ब्लर येतंय म्हणजे हीच पिन, दुसरं काही शोधत बसू नका.

मायणीला पक्षी काढायला जड टेलि (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लावून जाणाऱ्यांनी कॅमेरा गळ्यात लटकवून लेन्स लोंबती ठेवू नये. सगळा भार अॅडॉप्टरच्या पातळ कड्यांवर आणि चार बारक्या स्क्रूंवर येतो. लेन्सला हात द्या, ट्रायपॉड लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) लावा. लेन्स हलतेय असं वाटलं तर आधी ते स्क्रू बघा.

पाऊस आणि धुकं असताना कासवर लेन्स बदलायला वेळ घालवायचा नाही, म्हणून मी आता प्रत्येक लेन्सला तिचा स्वतःचा अॅडॉप्टर कायमचा लावून ठेवलाय आणि मागे सोनीचंच झाकण, म्हणजे बदलताना दोन सेकंद सेन्सर उघडा राहतो. थोडा खर्च वाढतो पण मला पटतो.

नवीन अॅडॉप्टर आला की त्याच रात्री गच्चीवर जा. आमच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्याच्या टॉवरचा दिवा दिसतो, तुम्ही लांबचा कुठलाही दिवा किंवा तारा धरा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अॅपर्चर पूर्ण उघडं, स्क्रीनवर मोठं करून बघत रिंग हळूहळू इन्फिनिटीकडे न्या. दिव्याचा ठिपका लहान होत होत बारीक झाला आणि अजून फिरवल्यावर परत फुगायला लागला तर अॅडॉप्टर चांगला आहे. शेवटपर्यंत बारीक झालाच नाही तर परत करायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या. मामांच्या २८ चा दुसरा अॅडॉप्टर मी असाच तपासून घेतला, ठिपका टोकाच्या जरासा अलीकडेच बारीक झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहिला फोटो मी मामांनाच पाठवला.