गोव्यातील शाळा: निर्णय कुठे होतात आणि पालकाने कुठे जावे

महाराष्ट्रातून बदलीवर किंवा वेर्णा, कुंडई, पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतींत नोकरी धरून जी कुटुंबे गोव्यात येतात, त्यांना घर मिळाले की लगेच शाळेचा प्रश्न पडतो, आणि आपल्या सवयीची चौकट इथे नाही हे त्याच वेळी लक्षात येते. जिल्हा परिषदेची शाळा किंवा पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी इथे शोधून सापडणार नाही. जिल्हा पंचायती आहेत, पण त्या शाळा चालवत नाहीत. शाळेला पैसा किती मिळावा, इमारत कधी दुरुस्त व्हावी, कोणत्या माध्यमाला अनुदान द्यावे, हे सारे राज्य सरकार ठरवते, आणि राज्य लहान असल्यामुळे हे ठरवणारी बरीचशी माणसे पर्वरीच्या पठारावर, एकमेकांपासून फार लांब नसलेल्या कार्यालयांत बसतात. विधानसभाही तिथेच आहे. फोंड्यात स्थायिक होऊन मला बरीच वर्षे झाली, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी आधी हेच सांगतो की शाळा पाहायला जाण्यापूर्वी त्या शाळेचे निर्णय कोण घेते हे विचारून घ्यावे, कारण पुढे तक्रार असो की विनंती, ती योग्य दारात नेली नाही तर वर्ष निघून जाते.

गोव्यातील बहुतेक सरकारी शाळा प्राथमिक आहेत आणि त्या चौथीपर्यंतच असतात. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री असताना, म्हणजे 1963 नंतरच्या दशकात, गावोगावी ज्या शाळा निघाल्या, त्यांचेच हे जाळे आहे. पाचवीपासून मूल हायस्कुलात जाते, आणि ही हायस्कुले बहुतांशी खाजगी संस्थांची, परंतु अनुदानित असतात. अनुदानित याचा अर्थ शिक्षकांचे वेतन सरकार देते आणि कारभार संस्थेचे व्यवस्थापन पाहते. शिक्षक नेमताना, शुल्क ठरवताना, तुकडी वाढवताना व्यवस्थापनाला 1984 च्या शालेय शिक्षण कायद्याच्या आणि 1986 च्या नियमांच्या चौकटीत शिक्षण खात्याची मान्यता घ्यावी लागते. खात्याचा तालुक्यातील माणूस म्हणजे भागशिक्षणाधिकारी, आणि त्याच्या वर म्हापसा, पणजी व मडगाव अशी तीन विभागांची कार्यालये. परीक्षा मात्र खाते घेत नाही. त्यासाठी 1975 च्या कायद्याने स्थापन झालेले गोवा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ आहे. त्यापूर्वी इथली मुले पुण्याच्या मंडळाच्या परीक्षेला बसत. छप्पर गळते म्हणून मंडळाकडे अर्ज देणारे आणि पेपर तपासणीची तक्रार खात्याकडे नेणारे पालक मी पाहिले आहेत. दोन्ही कागद नम्रपणे परत येतात.

पैशाच्या बाबतीत एक इतिहास माहीत असल्याशिवाय इथल्या शाळांची रचना समजत नाही. शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना 1990 मध्ये असा निर्णय झाला की प्राथमिक स्तरावर अनुदान मातृभाषेतून, म्हणजे कोकणी किंवा मराठीतून, शिकवणाऱ्या शाळांनाच मिळेल. त्यामुळे चर्चशी संलग्न अनेक प्राथमिक शाळा इंग्रजीतून कोकणीकडे वळल्या. दिगंबर कामत सरकारने 2011 मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान खुले केले, त्यावरून मातृभाषेतील शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाने मोठे आंदोलन उभे केले, आणि 2012 मध्ये आलेल्या मनोहर पर्रीकर सरकारने डायोसेसन सोसायटी या चर्चच्या शिक्षणसंस्थेच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले. हा वाद इतका खोल गेला की 2016 मध्ये त्यावरून रा. स्व. संघाच्या गोवा शाखेतच फूट पडली. कोणाची बाजू बरोबर, यावर आपण नव्याने आलेल्यांनी चहाच्या टपरीवर मत देऊ नये, हा माझा आगाऊ सल्ला.

पालकाच्या दृष्टीने त्याचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांत मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा सहज मिळते. सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, ती शोधावी लागते. आणि मराठी प्राथमिक शाळा चांगली निघाली तरी पाचवीत गेल्यावर माध्यम जवळपास सर्वत्र इंग्रजी होते, कारण मराठी माध्यमाची माध्यमिक विद्यालये थोडीच उरली आहेत. साताऱ्यात किंवा सांगलीत दहावीपर्यंत मराठीतून शिकता येते या हिशेबाने आलेल्या घरांना हा धक्का पाचवीच्या जूनमध्ये बसतो. म्हणून चौथीच्या वर्षीच गणित आणि परिसर अभ्यासातील इंग्रजी शब्दांची ओळख घरी करून द्यावी. मराठीतून पाया पक्का झालेली मुले सहामाहीपर्यंत सावरतात, हे मी आमच्या वाड्यावर पुष्कळदा पाहिले आहे; पण ते पहिले तीन-चार महिने मुलाला वर्गात गप्प बसवतात, आणि शिक्षक त्याचा अर्थ मूल कच्चे आहे असा लावू शकतो. पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकाला भेटून मूल कोणत्या माध्यमातून आले ते सांगावे.

आता इमारतींविषयी. सरकारी शाळेची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम खाते करते, ज्याला इथली वर्तमानपत्रे साबांखा लिहितात. मोठे नवे बांधकाम बहुधा साधनसुविधा विकास महामंडळाकडे जाते. मुख्याध्यापकाचे पत्र भागशिक्षणाधिकाऱ्याकडे, तिथून शिक्षण खात्याकडे, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, वित्त खात्याची संमती आणि शेवटी निविदा, असा कागदाचा प्रवास असतो. गोव्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस उतरला की कौलांवर चढता येत नाही, म्हणून निविदा मार्चपर्यंत निघाली नाही तर काम पुढच्या वर्षावर गेले असे धरावे. आमच्या जवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत एका पावसाळ्यात नेमके हेच झाले. वासे कुजलेले, अंदाजपत्रक मंजूर, आणि ठेकेदार नाही. चारही वर्ग देवळाच्या सभागृहात बसले. दोन वर्ग पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून, दोन पश्चिमेच्या, आणि मध्ये पाढ्यांचा आवाज नको म्हणून बाईंनी एका बाजूला वाचन सुरू असताना दुसऱ्या बाजूला शुद्धलेखन ठेवले होते. गावाने तक्रार फार केली नाही, पण पंचाने, म्हणजे पंचायत सदस्याने, त्या अंदाजपत्रकाचा क्रमांक खिशात घेऊन पर्वरीला फेऱ्या मारल्या, आणि पुढच्या एप्रिलमध्ये काम सुरू झाले. असा क्रमांक हाती असेल तर कोणत्याही कार्यालयात कारकून फाइल शोधतो. नसेल तर पुढच्या सोमवारी या म्हणतो.

अनुदानित हायस्कुलाची इमारत मात्र संस्थेची असते, आणि तिथे पैसा उभा करण्याचा भार व्यवस्थापनावर येतो. इमारत निधीसाठी वर्गणीची पत्रके मुलांच्या दप्तरातून घरी येतात. स्वेच्छेने द्यायला हरकत नाही, आणि या संस्था बहुधा गावातल्याच लोकांनी पदरमोड करून उभ्या केलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. परंतु प्रवेशाच्या अटीवर देणगी घेणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्यासाठी घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड आहे. पावती मागितली की विषय बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

आणखी एक गोष्ट, म्हणजे शैक्षणिक वर्षाची सुरुवात, 2025 पासून बदलली आहे. सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग त्या वर्षी 7 एप्रिलला सुरू झाले, मे महिन्यात सुट्टी राहिली आणि जूनमध्ये शाळा पुन्हा भरली. पालकांनी याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली, पण याचिका टिकली नाही. महाराष्ट्रातील शाळेची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपते, म्हणजे तिकडून येणारे मूल इकडचे पहिले काही आठवडे गमावते, याची पूर्वसूचना मुख्याध्यापकांना लेखी द्यावी. दुरुस्तीसाठीचे दोन मोकळे महिनेही यामुळे एकावर आले आहेत, याचा विचार निर्णय घेताना कितपत झाला असेल याविषयी मला शंका आहे.

शाळा लहान असेल तर पटसंख्या जरूर विचारावी. गावांतील कित्येक सरकारी प्राथमिक शाळांत चारही वर्ग मिळून मुले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी उरली आहेत, आणि अशा शाळा शेजारच्या शाळेत विलीन करण्याचा विषय सरकार अधूनमधून काढते. एकशिक्षकी शाळेत तो शिक्षक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला गेला की शाळाच थांबते. वास्तविक शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक सांगितले आहेत. दुसरीकडे, बारा मुलांच्या शाळेत शिक्षिका चांगली असेल तर तुमच्या मुलाला जे लक्ष मिळते ते शहरातल्या कोणत्याही शुल्कात मिळत नाही. म्हणून घराजवळची सरकारी शाळा न पाहताच नाकारू नये. मध्यान्ह आहार महिलांचे स्वयंसाहाय्य गट देतात, त्यात पाव-भाजी असतेच, आणि हायस्कुलांना बालरथ या सरकारी योजनेच्या बसगाड्या आहेत. बालरथ आपल्या वाड्यावरून जातो का एवढे मात्र प्रवेशाआधीच पाहावे.

निकालांचे फलक पाहून शाळा निवडणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो. गोवा मंडळाचा दहावीचा निकाल 2024 मध्ये 92.38 टक्के आणि 2025 मध्ये 95.35 टक्के होता, बारावीचा 84.99 वरून 90.64 वर गेला. एका वर्षात मुले इतकी हुशार होत नाहीत. प्रश्नपत्रिका, मूल्यमापनाची पद्धत आणि बसलेल्या मुलांची संख्या यांनी हे आकडे हलतात. शिवाय गोव्यात खेळाडूंना क्रीडागुण मिळतात आणि काही मुले त्या गुणांच्या आधारे उत्तीर्ण होतात, त्यामुळे क्रीडागुण धरून आणि न धरता असे दोन निकाल असतात. शाळेच्या फाटकावर ‘शंभर टक्के’ लिहिलेले दिसले तर दोन प्रश्न विचारावेत. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती आणि त्यांपैकी दहावीच्या परीक्षेला किती बसली? मधली मुले कुठे गेली? नववीत थांबवलेल्या किंवा बाहेरून परीक्षेला बसवलेल्या मुलांचा हिशेब फलकावर येत नाही. ज्या शाळेचा निकाल 91 टक्के आहे पण आठवीतली जवळजवळ सर्व मुले दहावीला बसतात, ती शाळा मी माझ्या नात्यातल्या मुलासाठी आधी पाहीन.

राष्ट्रीय पातळीवर 4 डिसेंबर 2024 रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी परख हे मुलांना काय येते ते पाहणारे सर्वेक्षण झाले; ते नमुना पद्धतीचे असल्याने त्यावरून राज्याचा अंदाज येतो, एखाद्या शाळेचा नाही. कोडिंग आणि रोबोटिक्ससाठी सरकारची केअर्स योजना आहे. तिचे संगणक शाळेत आले आहेत का, यापेक्षा त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि ती आठवड्यातून किती वेळा उघडते, हे विचारावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघावे, कारण नंतर त्यासाठी परत जाणे महागात पडते. मुलाचा यूडायस या देशभरच्या शाळा-नोंदणी प्रणालीतील कायम क्रमांक जुन्या शाळेकडून लिहून घ्यावा आणि त्यांनी तिकडून नाव मोकळे केले आहे याची खात्री करावी. नववीपासून पुढच्या वर्गात दुसऱ्या मंडळातून येत असाल तर गोवा मंडळाच्या पात्रता प्रमाणपत्राची चौकशी शाळेतच होते. थेट दहावीत येणे शक्यतो टाळावे. अकरावी इथे उच्च माध्यमिक विद्यालयात असते, आणि मुंबई-पुण्यासारखी केंद्रीय ऑनलाइन फेरी नसल्याने प्रत्येक विद्यालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

या साऱ्या निर्णयांत पालकाला प्रत्यक्ष जागा मिळते ती दोन ठिकाणी. पहिली शाळेतच. पालक-शिक्षक संघाची वार्षिक सभा बहुधा वर्षाच्या सुरुवातीला होते, तिला शंभरातले पंचवीस पालक येतात आणि जो बोलतो तो समितीवर जातो. शिक्षण हक्क कायद्याखालील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, आणि सरकारी शाळेत दुरुस्तीची मागणी या आराखड्यात लिहिलेली असेल तर वरच्या कार्यालयात तिला वजन येते. माहिती हवी असेल तर आधी विधानसभेच्या संकेतस्थळावरील आमदारांची प्रश्नोत्तरे चाळावीत. कोणत्या शाळेच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला, कुठे किती पट आहे, हे तिथे पुष्कळदा तयार मिळते. नाही मिळाले तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

दुसरी जागा ग्रामसभेची. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी नियमित ग्रामसभा होतात, आणि शाळेची संरक्षक भिंत, शौचालय, वाटेवरचा पथदीप, रस्त्यावरचा गतिरोधक असे विषय तिथे ठरावाने पंचायतीच्या इतिवृत्तात जातात. मात्र ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचे नाव त्या पंचायतीच्या मतदारयादीत आहे. भाड्याने राहणाऱ्यालाही नाव नोंदवता येते, त्यासाठी जुन्या गावचे नाव इकडे आणणारा नमुना 8 भरावा लागतो, आणि घराचा भाडेकरार हाती आल्याबरोबर तो भरला तर पहिल्याच वर्षी मुलाच्या शाळेचा विषय लेखी ठरावाच्या रूपाने मांडता येतो.