रविवारचा स्वयंपाक घरातल्या सर्वांनी मिळून कसा करावा

पुण्यातल्या पुष्कळ घरांमध्ये आठवड्याचे सहा दिवस पोळ्यांच्या मावशी येतात आणि रविवारी त्यांची सुट्टी असते. ही सुट्टी कोणी मेहेरबानीने दिलेली नाही. १९८० मध्ये पुण्यातल्या घरकामगार स्त्रियांनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि तेव्हापासून हक्काची रजा हा या कामाच्या बोलणीतला एक मुद्दा झाला. मात्र मावशींच्या सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकाचा सगळा भार घरातल्या एकाच बाईवर पडतो, आणि तोही नेमका ज्या दिवशी सर्वांना चार पदार्थ जास्त हवे असतात त्या दिवशी. पुढे जी पद्धत सांगितली आहे तिचा हेतू एवढाच आहे की रविवारी दुपारी एक वाजता घरातले प्रत्येक माणूस, स्वयंपाक करणाऱ्यांसह, एकाच वेळी पानावर बसावे.

आमच्या कोथरूडच्या घरात आम्ही पाच माणसे आहोत आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचा रविवार असा जात असे: साडेनऊला पोहे, त्यांची भांडी आवरेपर्यंत अकरा, मग मटण, सासूबाईंसाठी वेगळी भाजी, आणि शेवटी एकेकाच्या पानात तव्यावरची गरम पोळी. मी स्वतः जेवायला बसे तेव्हा पावणेतीन झालेले असत आणि रस्सा निवलेला असे. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. कामाची आखणीच चुकीची होती. ती बदलायला आम्हाला दोन-तीन महिने लागले, आणि त्या काळात जे उपयोगी ठरले तेच येथे लिहीत आहे.

बेत शुक्रवारी ठरवावा

पहिला नियम असा की रविवारच्या जेवणात मुख्य पदार्थ एकच असावा. मटणाचा रस्सा असेल तर त्याच दिवशी गोडाचा पदार्थ घरी करू नये. मसालेभात आणि मठ्ठा असेल तर भरल्या वांग्यांचा हट्ट धरू नये. श्रीखंड-पुरी असेल तर बटाट्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर पुरेशी आहे. ताट भरगच्च दिसावे ही हौस मला समजते, पण प्रत्येक वाढीव पदार्थ म्हणजे आणखी एक कढई, आणखी एक फोडणी आणि अर्धा तास असतो. बेत ठरवताना दिनदर्शिका समोर घ्यावी, कारण संकष्टी रविवारी आली तर कोणाचा उपास आहे हे आदल्या दिवशी कळलेले बरे. श्रावणात तर बहुतेक घरांत मटणाचा प्रश्नच येत नाही.

बेत शुक्रवारी ठरवण्याचे कारण मोड आलेल्या कडधान्यात आहे. रविवारी मटकीची उसळ किंवा मिसळ करायची असेल तर उन्हाळ्यात शनिवारी सकाळी सातला मटकी भिजत घालावी, संध्याकाळी उपसून स्वच्छ ओल्या फडक्यात घट्ट बांधावी, म्हणजे रविवारी सकाळी चांगले मोड आलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या रात्री इतक्या गार असतात की एवढ्या वेळात मोडाचे टोकही दिसत नाही. त्या दिवसांत मटकी शुक्रवारी रात्रीच भिजवावी, कोमट पाण्यात, आणि बांधलेली पुरचुंडी झाकणाच्या डब्यात ठेवून डबा जाड टॉवेलात गुंडाळावा. भिजवण्यापूर्वी ताटात पसरून खडे आणि न भिजणारे कुचर दाणे निवडणे हे काम सात-आठ वर्षांच्या मुलालाही येते.

शनिवारची संध्याकाळ

रविवारचा निम्मा वेळ वाचतो तो शनिवारी केलेल्या वाटणाने. चार मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलावर चांगले तांबूस होईपर्यंत परतावेत, एक वाटी सुके खोबरे किसून वेगळे भाजावे, आणि हे दोन्ही निवल्यावर आले, लसूण आणि मूठभर कोथिंबिरीसह बारीक वाटावे. गरम असताना वाटू नये. मिक्सरच्या भांड्यात वाफ कोंडून झाकण उडते. हे वाटण घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस उत्तम राहते. ओल्या खोबऱ्याचे वाटण मात्र लवकर आंबते, म्हणून ते त्याच दिवशी करावे.

याच संध्याकाळी कोथिंबीर निवडून कोरड्या कापडात ठेवावी, लसूण सोलावा, आणि मिसळणाच्या डब्यातली हळद, मोहरी, तिखट भरून घ्यावे. फोडणी तापलेली असताना मोहरीची बरणी शोधत फिरणे ही गोष्ट एकदा घडली तरी पुरे होते. भाजी आणायला महात्मा फुले मंडईत जायचे असेल तर तेही शनिवारीच उरकावे; जवळच्या शेतकरी आठवडे बाजारात थंडीच्या दिवसांत पुरंदरचा वाटाणा मिळाला तर तो रात्री गप्पा मारताना सोलून होतो.

मदत आणि काम

येथे मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. घरात कोणी स्वयंपाकघरात येऊन "काही मदत करू का" असे विचारते तेव्हा काय करायचे, कशात करायचे, किती करायचे हे सांगण्याचे काम पुन्हा त्या बाईकडेच येते. म्हणून "मदत" हा शब्द रविवारपुरता बाजूला ठेवावा आणि प्रत्येकाच्या नावावर एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्यावे. आमच्या घरी न्याहारी ह्यांच्याकडे आहे, आणि न्याहारी म्हणजे पोहे निवडण्यापासून कढई घासून ठेवण्यापर्यंत सर्व काही. मटण आणणे, धुणे आणि शिजवणे माझ्याकडे. कोशिंबीर, ताक आणि पाने घेणे थोरल्या मुलीकडे. धाकट्याकडे लिंबे चिरणे, पाण्याचे तांबे भरणे आणि जेवणानंतर ओटा पुसणे. सासूबाईंनी भाताचे काम स्वतःहून मागून घेतले, कारण इंद्रायणीला पाणी किती घालावे याबाबत त्यांचा हात आमच्यापैकी कोणालाही साधत नाही: नवा तांदूळ असेल तर त्या वाटीला पावणेदोन वाट्या घालतात आणि जुना असेल तर दोन किंवा थोडे अधिक.

काम सोपवल्यावर त्यात हात घालू नये, आणि हे पाळणे मलाच सर्वांत जड गेले. पहिल्या दोन रविवारी पोहे कोरडे झाले, कारण ते धुऊन लगेच कढईत पडले होते. जाडे पोहे रोळीत धुऊन दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवले, मीठ आणि साखर तेव्हाच चोळून लावली आणि फोडणीत टाकल्यावर मंद आचेवर एक वाफ आणली की ते मऊ राहतात. हे मी त्यांना संध्याकाळी निवांतपणे सांगितले. सकाळी त्यांच्या हातातून उलथने काढून घेतले नाही. पाच माणसांना साधारण ४०० ग्रॅम पोहे पुरतात. न्याहारी नऊच्या आत व्हावी आणि दुसऱ्यांदा वाढून घेण्याइतकी नसावी, नाहीतर एकच्या जेवणाला कोणालाही भूक नसते.

शेगडीवरचा क्रम

घरात दोन बर्नरची शेगडी असेल तर कोणता पदार्थ केव्हा चढवायचा हे आधी ठरले पाहिजे, कारण रविवारचा खोळंबा बहुधा तेथेच होतो. ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि जो शिजल्यावर मुरल्याने अधिक चांगला लागतो, तो पदार्थ आधी चढवावा. मटण अकराच्या आत कुकरमध्ये गेलेच पाहिजे. मटणाच्या दुकानापुढे रविवारी नऊनंतर रांग लांबते, तेव्हा साडेसातला जाऊन यावे. एक किलो मटण धुऊन त्याला हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण लावून अर्धा-पाऊण तास ठेवावे, मग थोड्या तेलावर कांदा परतून त्यात ते पाणी सुटेपर्यंत परतावे आणि वरून गरम पाणी घालून झाकण लावावे.

शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटे मोजावीत असे माझे ठाम मत आहे. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात, बारीक आचेवर सावकाश होतात, त्यामुळे "पाच शिट्ट्या" या मापाला अर्थ राहत नाही. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करावी आणि तेथून कोवळ्या मटणाला वीस मिनिटे, जून असेल तर तीस मिनिटे द्यावीत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, तर कुकरमध्ये दाबाखाली तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. उघड्या पातेल्यात दीड-दोन तास घेणारे मटण कुकरमध्ये अर्ध्या तासात का शिजते याचे कारण हेच आहे. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ काढण्याची घाई केली तर रस्सा वर उसळतो आणि हात भाजण्याचा धोका असतो.

कुकर उघडल्यावर मसाला घालण्यापूर्वी वरचे आळणी पाणी दोन वाट्या बाजूला काढावे. लहान मुले आणि घरातली वयस्कर माणसे भातावर हेच आवडीने घेतात, आणि तिखट न सोसणाऱ्या कोणासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

घरात कोणी मटण खात नसेल तर त्या व्यक्तीसाठी पूर्ण वेगळा स्वयंपाक करण्याची गरज नाही. शनिवारच्या वाटणातला तिसरा हिस्सा आधीच स्वतंत्र डब्यात ठेवावा. सकाळी साडेदहाला, मटण चढवण्यापूर्वी, त्याच वाटणात गोडा मसाला आणि चिंच-गूळ घालून काटेरी वांग्यांचा रस्सा करून घ्यावा. कढई, उलथने आणि पळी वेगळी असावी. आमच्या सासूबाई माळकरी आहेत; त्यांची वांगी शेगडीवर पहिल्यांदा चढतात, त्यांची भांडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला असतात, आणि त्यांचे जेवण उरल्यासुरल्यातून उभे केलेले नसते. चिंच मात्र वांगी मऊ झाल्यावरच घालावी, कारण आंबट घातल्यावर शिजण्याची गती मंदावते. तुरीच्या आमटीलाही हेच लागू आहे.

पोळ्या

गरम पोळी पानात पडलीच पाहिजे, या एका सवयीमुळे एक माणूस कायम तव्यापाशी उभे राहते. ती सवय मोडावी. साडेअकराला कणीक भिजवावी, तेल लावून अर्धा तास झाकून ठेवावी आणि बारा ते पाऊणच्या दरम्यान सर्व पोळ्या करून घ्याव्यात. अर्धा किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या पंधरा-सोळा पोळ्या होतात. घडीची पोळी, आत तेलाचा हात आणि किंचित पीठ लावून लाटलेली, डब्यात सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर तासभर मऊ राहते. एकाने लाटावे आणि दुसऱ्याने भाजावे. आमच्याकडे लाटणे मी करते आणि तव्यावर थोरली मुलगी असते. तिने लाटलेल्या पहिल्या काही पोळ्या नकाशासारख्या झाल्या होत्या, आणि त्या कोणीही काही न बोलता खाल्ल्या म्हणून ती दुसऱ्या रविवारी पुन्हा ओट्यापाशी आली. भाकरीचा बेत असेल आणि ती तव्यावरचीच हवी असेल, तर दोघांनी पाळी लावून घ्यावी. जे माणूस या रविवारी मागाहून जेवले ते पुढच्या रविवारी पहिल्या पंगतीत बसावे.

जेवणानंतर

उरलेल्या भाताकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. शिजल्यानंतरही टिकून राहणारे काही जंतू भातात असतात. तो तासन् तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष नंतर गरम केल्यानेही पूर्ण जात नाही. म्हणून भात पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरातच ठेवावा. सोमवारच्या डब्यातला फोडणीचा भात याच भाताचा करावा. पोळ्या उरल्या तर कुस्करा होतो. रस्सा मुळात बेताचा केला असेल तर उरतच नाही.

प्रत्येकाने आपले ताट खरकटे काढून विसळून ठेवावे. रविवारी ओला कचरा सर्वांत जास्त निघतो, आणि ज्या भागात त्या दिवशी कचरा घ्यायला कोणी येत नाही तेथे मटणाची हाडे आणि कांद्याची साले कागदात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवावी लागतात, नाहीतर रात्रीपर्यंत घरभर वास सुटतो.

संध्याकाळी मुगाची खिचडी, भाजलेला पापड आणि दुपारचे ताक, किंवा पिठले आणि भात, याहून अधिक काही करू नये. ही खिचडी करण्याचे काम दुपारी ज्याच्याकडे सर्वांत हलके काम होते त्याच्याकडे जावे. झोपण्यापूर्वी सिंक रिकामे करावे, ओटा कोरडा पुसावा आणि कणकेचा डबा भरून ठेवावा, कारण सोमवारी सकाळी मावशी येतील तेव्हा त्यांच्या वाट्याला आपल्या रविवारची भांडी येता कामा नयेत.